दादर, खपली आणि चौतीस नंबर

संक्रांतीला माहेरी गेले होते. शहादा तालुका, तापीपट्टा, काळीभोर जमीन. चहा होण्याआधीच जिभाऊ (माझे मोठे चुलतभाऊ. आमच्या खान्देशात मोठ्या भावाला जिभाऊ म्हणतात, हे नाशिक-पुण्याच्या वाचकांसाठी) मला गव्हाच्या वावरात घेऊन गेले. एक पान तोडलं आणि माझ्या तळहातावर घासलं. हातावर नारिंगी पूड.

"हाई काय शे वं बाई? तू तर बॉटनीवाली."

एम.एस्सी. करून मला तीस वर्षं झाली. त्यातली बरीचशी बँकेत पैसे मोजण्यात गेली. पण गव्हाच्या पानावरची नारिंगी पूड ओळखायला एम.एस्सी. लागत नाही. तांबेरा. जिभाऊंनाही ते माहीत होतंच. त्यांना फक्त माझ्याकडून 'नाही, तसं काही नाही' असं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "तांबेराच आहे. पानावरचा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा पंप भरला.

हे सगळं लिहायचं कारण तांबेरा नाही, त्या रात्री शेकोटीभोवती झालेलं भांडण आहे. दादरचा हुरडा भाजणं चाललं होतं, घरातली सगळी जमली होती, आणि मी हौसेनं सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली गव्हातलं तांबेऱ्याला अडवणारं एक जनुक काढून ज्वारीत घातलं, आणि ज्वारीवरचा तांबेरा कमी झाला. बस्स. एवढंच बोलले आणि पोळ्यावर दगड मारावा तसं झालं.

जिभाऊ म्हणाले, "म्हणजे पुन्हा कपाशीचंच नाटक." धाकटा पुतण्या, जो कृषी पदविका करतोय, म्हणाला, "काका, तसं नसतं ते." वहिनींनी वेगळाच प्रश्न काढला, "मग ती भाकरी थापायची की लाटायची?" :)

वहिनींच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. थापायचीच. एका जनुकानं ज्वारीचा गहू होत नाही. जिभाऊंच्या प्रश्नाला मात्र त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर महिनाभर डोक्यात तेच होतं. म्हणून हा लेख. घरच्या मंडळींनो, वाचताय ना? रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

आधी तांबेऱ्याबद्दल थोडं. ही बुरशी मोठी खोडसाळ. ती फक्त जिवंत पेशीवर जगते. झाडाला मारत नाही, त्याच्या ताटात बसून जेवते. दहा-बारा दिवसांत नवी पिढी, एकेका फोडात हजारो बीजाणू, आणि ते वाऱ्यावर शेकडो मैल जातात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मैदानी मुलखात टिकत नाही, उन्हानं मरते. मग दर हिवाळ्यात येते कुठून? आग्रा कॉलेजात शिकवणाऱ्या करमचंद मेहता यांनी उभं आयुष्य या प्रश्नात घालवलं आणि दाखवून दिलं की ती डोंगरांत दडून बसते. उत्तरेला हिमालयात, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. गव्हाच्या खोडावर येणारा काळा तांबेरा मध्य भारतात पोचतो तो दक्षिणेच्या डोंगरांतून, वाऱ्यावर स्वार होऊन. १९४६-४७ साली तो असा आला की मध्य भारतातला सुमारे वीस लाख टन गहू गेला. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, ठगांचा बंदोबस्त करणारा तो स्लीमन जबलपूरला असताना नर्मदेच्या खोऱ्यातला गहू या रोगानं बसलेला त्यानं पाहिला आणि १८४४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवला. तीच नर्मदा पुढे आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून जाते.

जिभाऊंचा गहू लोक-१. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. आमच्याकडे अजून लोक त्याच्यावर जीव टाकतात, कारण दाणा टपोरा आणि पोळी चांगली. पण तो आता तांबेऱ्याला बळी पडतो. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन असे वाण आहेत, मी सुचवलेही. जिभाऊंचं उत्तर: "बाजारात लोक-१ म्हटलं की व्यापारी पोतं उघडूनही बघत नाही." यावर काय बोलणार?

आता मुद्दा. एका धान्याचं रक्षण करणारं जनुक दुसऱ्या धान्यात नेणं हे काही २०१७ साली सुरू झालेलं नाही. आणि त्यात आपल्या मराठी मुलखाचा हात आहे, हे मला स्वतःलाही उशिरा कळलं.

खपली गहू आठवतो का? दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात खीर करतात तो, लांबट, टरफल न सोडणारा. टरफल खपलीसारखं चिकटून बसतं म्हणून खपली. आम्ही खान्देशी मांडेवाले, आमचा खपलीशी फारसा संबंध नाही. हा आपल्या नेहमीच्या गव्हाचा भाऊ, पण सख्खा नव्हे. गुणसूत्रांचे संचही कमी, त्याचे दोन, नेहमीच्या गव्हाचे तीन. तर हा आपला खपली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोचला होता. तिथं मिनेसोटात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ काळ्या तांबेऱ्याच्या वेगवेगळ्या जाती ओळखायला बारा गव्हांचा एक संच वापरत. तांबेऱ्याचा नमुना आणायचा, या बारांवर टाकायचा, कोण आजारी पडतो कोण नाही ते बघायचं. १९२२ साली त्यांनी छापलेल्या त्या यादीत एक नाव 'खपली'. जगभरच्या प्रयोगशाळांत हे मराठी नाव गोऱ्या जिभांनी किती वेडंवाकडं उच्चारलं असेल, देव जाणे. पण ते बदललं नाही कुणी.

तिकडे सिडनीला वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर ऑस्ट्रेलियातल्या गव्हाशी केला आणि त्यातून 'खपस्टीन' नावाचा गहू निघाला. खपलीतून आलेल्या तांबेरा-विरोधी जनुकांना पुढे नंबर मिळाले, एसआर १३, एसआर १४. भुरी रोगाला अडवणारं पीएम ४ए हे जनुकही खपलीचंच. एसआर १३ नेमकं कोणतं, हे २०१७ साली अमेरिकेत शोधून काढलं. आणि गंमत म्हणजे (गंमत नाही, पण लिहिण्याच्या ओघात येतं), आफ्रिकेतून निघालेल्या युजी ९९ या भयंकर काळ्या तांबेऱ्याला ते अजून अडवतं.

युजी ९९ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण जिभाऊंच्या शंकेचं मूळ तिथंच आहे. युरोपात थंड प्रदेशात राय नावाचं धान्य पिकतं. त्याच्या गुणसूत्राचा एक अख्खा तुकडा गव्हात आणला गेला. एक जनुक नव्हे, शेकडो जनुकं एकदम. त्यात काळ्या, पिवळ्या आणि पानावरच्या अशा तिन्ही तांबेऱ्यांना अडवणारी जनुकं होती. मेक्सिकोच्या गहू केंद्रातून हा तुकडा जगभर गेला. आपल्याकडे १९९५ साली आलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण, ज्यानं पुढे पंजाब-हरियाणा व्यापून टाकलं, त्याच्यातही तो होता. म्हणजे वर्षानुवर्षं आपण पोळीतून रायचा तुकडा खात आलो आहोत, आणि कुणाला पत्ताही नाही. मग १९९८ साली युगांडात एक तांबेरा सापडला जो त्या तुकड्यातल्या एसआर ३१ ला जुमानेना. १९९९ मध्ये त्याला नाव मिळालं. २००६ पर्यंत तो येमेनला पोचला, २००७ मध्ये इराणला. नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीत होते, तरी म्हातारा पुन्हा कंबर कसून उठला. आपले गहू केनियात न्जोरोला नेऊन त्या तांबेऱ्यात उभे करून तपासले गेले. एका जनुकावर अर्ध्या जगाचा गहू उभा होता, त्याची ही किंमत.

असं का होतं? या जातीची जनुकं म्हणजे फाटकावरचा रखवालदार. त्याला एकाच चोराचा फोटो दिलेला असतो. तो चोर आला की रखवालदार बोंब मारतो, ती पेशी स्वतःला संपवते, आणि जिवंत पेशीशिवाय जगू न शकणारी बुरशी उपाशी मरते. फार सुंदर व्यवस्था. पण चोरानं मिशी काढली की संपलं. आणि ज्या वाऱ्यावर कोट्यवधी बीजाणू उडतात, तिथं एकानं तरी मिशी काढलेली असतेच. सगळ्या गावानं एकच रखवालदार ठेवला असेल, तर त्या एका बिनमिशीच्या चोराला सगळं गाव मोकळं.

आमच्याकडे हे बाजरीनं आधीच शिकवलं होतं. १९६५ साली एचबी-१ हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला. लोक खूष. पाच-सहा वर्षांत त्यावर गोसावी पडला. (केवडा म्हणतात काही ठिकाणी. कणसाच्या जागी पानांच्या जटा वाढतात म्हणून गोसावी. शास्त्रज्ञ आता म्हणतात ही खरी बुरशी नव्हेच, लांबची नातलग. असू दे.) सगळीकडे एकच बी, सगळीकडे एकच रोग. माझे वडील सांगायचे, त्या वर्षी बाजरी कापून गुरांना टाकली. पुढे २००५ साली हरियाणात एचएचबी ६७ हा वाण गोसावीला अडवणारी जनुकं घालून सुधारून काढला. बाजरीतलंच जनुक बाजरीत, नेहमीच्या संकरानं, फक्त ते नेमकं आलं की नाही हे प्रयोगशाळेत तपासत तपासत. देशातलं असं पहिलं काम ते. त्याला कुणी विरोध केला नाही, कारण विरोध करण्यासारखं काही नव्हतं.

आता ज्वारीत घातलेलं ते गव्हाचं जनुक. त्याचा नंबर चौतीस, एलआर ३४. हा रखवालदार नव्हे. याला फोटोबिटो काही कळत नाही. हा पेशीच्या पटलातला एक पंप. २००९ साली झुरिक आणि कॅनबेरा इथल्या शास्त्रज्ञांनी तो शोधला. तांबेरा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गव्हातल्या त्या पंपात महत्त्वाचा फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा. तो रोग थांबवत नाही, मंदावतो. पानावर फोड येतात पण कमी, उशिरा, लहान. आणि तीन तांबेरे, वर भुरी, सगळ्यांनाच मंदावतो. जवळजवळ शंभर वर्षं गहूवाले त्याला वापरत आहेत, आणि अजून तो मोडलेला नाही. खूण म्हणजे पिकलेल्या पानाचं टोक वाळतं. मी हे सांगितल्यावर जिभाऊ बॅटरी घेऊन अंधारात वावरात जाऊन आले. "टोकं वाळलेलीच आहेत की!" म्हणाले. आता टोक पाण्याच्या ताणानंही वाळतं, क्षारानंही वाळतं. आणि ज्या पानावर पूड खच्चून भरलीय त्याच्याबद्दल चौतीस नंबरचं श्रेय घेणं जरा जास्तच. पण म्हटलं, जाऊ दे.

हे जनुक भातात घातलं तर करपा कमी झाला (नवापूरकडच्या भातवाल्यांनी कान टवकारावेत), मक्यात घातलं तर मक्याचा तांबेरा आणि पानावरचा करपा कमी झाला, ज्वारीत घातलं तर तांबेरा आणि अँथ्रॅक्नोज. सातूत घातलं तेव्हा मात्र रोगही अडला आणि झाडही खुरटलं. पानं वेळेआधी वाळली. म्हणजे फुकट काही नाही.

तर जिभाऊ, तुमचा प्रश्न. 'पुन्हा कपाशीचंच नाटक' का?

मी आधी आमच्याच घरची चूक सांगते. बीटी कपाशी २००२ साली आली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या कपाशीचं. ते कडेनं पेरायचं, म्हणजे बोंडअळीला तिथं खायला मिळेल आणि विषाला सरावलेल्या अळ्या एकमेकींतच वाढणार नाहीत. आम्ही काय केलं? पहिल्या वर्षी ते पाकीट खळ्याच्या कोनाड्यात पडून राहिलं. पुढच्या वर्षी मीच, सुटीत गेले असताना, साफसफाईत उकिरड्यावर टाकलं. बॉटनीवालीनं! पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलंही होतं. एवढ्याशा कपाशीनं काय होतंय, असं वाटलं. गावात सगळ्यांनीच तसं केलं. २०१० च्या आसपास गुजरातेत शेंदरी बोंडअळी बीटीला सरावल्याचं कंपनीनंच मान्य केलं, आणि २०१७ साली महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत अळी, अशी गत झाली. जिभाऊंनी त्या वर्षी उभी कपाशी उपटली. ते मला कधी काही बोलले नाहीत. त्या रात्री 'कपाशीचं नाटक' म्हणाले तेव्हा माझ्याकडे बघितलं मात्र.

म्हणून माझं मत असं झालंय. जनुक एका धान्यातून दुसऱ्यात न्यायला माझी हरकत नाही. खपलीचं गेलं, रायचं आलं, जग बुडालं नाही. उलट बरीच पोटं भरली. 'निसर्गाच्या विरुद्ध' वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या पोळीकडे बघावं. हरकत आहे ती एकट्या जनुकाला पाठवायला. एकटा रखवालदार पाठवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे, शिवाय एखादा चौतीस नंबरसारखा संथ, असे मिळून पाठवा. शक्य तिथं संकरानं पाठवा, कारण त्याचं बी घरी ठेवता येतं. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क दिलाय. संकरित वाणाचं पाकीट दरवर्षी विकत घ्यावं लागलं तर तो हक्क कागदावर राहतो. पुतण्याचं म्हणणं, ज्वारीत गव्हाचं जनुक संकरानं येणारच नाही, प्रयोगशाळेतच घालावं लागेल. बरोबर आहे त्याचं. मग तिथं सरकारी संस्थेनं घालावं आणि सरळ वाणात घालावं, एवढंच माझं म्हणणं.

परवानगीचा गोंधळ वेगळाच. रायचा शेकडो जनुकांचा तुकडा गव्हात आला, कुणी कागद मागितला नाही. गव्हाचं एक माहितीतलं जनुक ज्वारीत घालायचं तर दिल्लीच्या समितीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत रस्ता. वांगं २०१० पासून अडलंय, मोहरीला २०२२ मध्ये समितीनं हिरवा कंदील दाखवला तर २०२४ मध्ये न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. भाताचे दोन वाण २०२५ मध्ये जाहीर झाले, पण ते स्वतःचंच जनुक दुरुस्त केलेले, बाहेरचं काही न घातलेले. हा फरक मला पूर्णपणे पटत नाही. धोका जनुक कुठून आलं यावर ठरत नाही, ते काय करतं आणि कुठं पळून जाऊ शकतं यावर ठरतो. ज्वारीच्या बाबतीत हे पळून जाणं खरं आहे. बांधावरचा बरू हा ज्वारीचा चुलतभाऊ, वाऱ्यानं परागकण इकडून तिकडे जातात. बरू आधीच मरत नाही, त्यात आणखी रोगमुक्त झाला तर? यावर कुणीतरी आमच्याकडच्या वावरात काम करून बघायला हवं. दिल्लीत बसून 'हो' म्हणणंही चूक आणि 'नाही' म्हणणंही.

पण माझी खरी तक्रार याहून साधी आहे, आणि ती शेकोटीसमोरच सुचली. हातातला हुरडा दादरचा होता. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, पावसाच्या मुरलेल्या ओलाव्यावर काळ्या जमिनीत येणारी. तिची भाकरी खाल्ली की दुसरी कुठली घशाखाली उतरत नाही, हे आमच्याकडचा कुणीही सांगेल. दादरला तांबेरा फार त्रास देत नाही. तिचा वैरी खडखड्या. दाणा भरताना जमीन कोरडी पडली की ही बुरशी मुळातून खोडात शिरते, आतला गाभा खाऊन टाकते, ताट पोकळ होऊन आडवं पडतं. आणि ही बुरशी तांबेऱ्यासारखी जिवंत पेशीवर अवलंबून नाही. मेलेल्या भागावर तिचं मस्त चालतं. म्हणजे पेशीनं आत्महत्या करून तिला उपाशी मारायचा डाव इथं उपयोगाचाच नाही. उलट तिचं जेवण वाढून ठेवल्यासारखं. चौतीस नंबर खडखड्याला अडवतो, असं कुठंही वाचलेलं नाही.

आणि खरिपाची ज्वारी? ती का गेली आमच्याकडून? १९६४ साली सीएसएच-१ आला, लवकर येणारा, बुटका, भरघोस. लवकर येणारा म्हणजे सप्टेंबरच्या पावसात दाणा भरणारा. ओल्या कणसावर बुरशी चढली, दाणे काळे पडले, काळ्या ज्वारीला भाव नाही. आमची जुनी उंच ज्वारी पाऊस संपल्यावर पिकायची, म्हणून तिचा दाणा पांढरा राहायचा. रोगाला अडवणारं तिचं 'जनुक' म्हणजे तिचं उशिरा येणं. ते आपणच काढून टाकलं. मग लोकांनी ज्वारी सोडली, मका आणि सोयाबीन घेतलं. लहानपणी आम्ही काणी पडलेली कणसं शोधून एकमेकींच्या तोंडाला काजळी फासायचो. आता गावात खरिपाची ज्वारीच नाही, तर काणी कुठून येणार? (काणीवरचा उपाय अजून तोच, बियाण्याला ३०० मेशचं गंधक चोळायचं, किलोला चार ग्रॅम. स्वस्त आणि मस्त.)

ऑस्ट्रेलियात ज्वारी जनावरांना घालतात. त्यांचे रोग त्यांनी निवडले, ते बरोबरच आहे. आमचे कुणी निवडायचे? खडखड्याला टिकणारी, काळी न पडणारी ज्वारी शोधायची तर ती झुरिकला सापडणार नाही. वर सातपुड्यात सापडली तर सापडेल. धडगाव तालुक्यात बायफ संस्थेनं गावकऱ्यांबरोबर मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांची बियाणं बँक उभी केली आहे. कणसांचे रंग आणि आकार बघितले तरी डोळे निवतात. घट्ट, मोकळी, वाकडी, लाल, पांढरी. मोकळ्या कणसात पाणी थांबत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या बायकांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. खपली एकदा अशीच कुणाच्या तरी कणगीतून निघून मिनेसोटाला गेली होती. कुणाच्या कणगीतून, ते कुणी लिहून ठेवलं नाही. आता जी कणसं जातील त्यांच्याबरोबर गावाचं नाव जायला हवं, आणि काही परत आलं तर त्या गावात यायला हवं. २००१ च्या कायद्यात तशी सोय आहे, गावाच्या नावानं वाण नोंदवायची. ती वापरणारी गावं हवीत.

पुतण्याला हे सगळं पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, आत्या, तुम्ही प्रयोगशाळा आणि कणगी दोन्ही मागताय, पैसा एकालाच मिळतो. असेल. तो परीक्षेचा अभ्यास करतोय, मी निवृत्तीचा. त्याचं खरं निघालं तर मला वाईट वाटेल, एवढंच.

जिभाऊंचा परवा फोन आला होता. गहू निघाला, दोन फवारण्यांचा खर्च वजा जाता फार उरलं नाही, पण घरापुरता आणि थोडा विकायला झाला. दादर चांगली आली. वहिनींनी बियाण्यासाठी कणसं निवडून चुलीवरच्या आढ्याला टांगली आहेत, पूर्वी टांगायच्या तशी. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, त्या खपलीचं किलोभर बी कुठं मिळेल?" मी म्हटलं, सांगलीकडच्या मैत्रिणीला विचारते. मागून वहिनींचा आवाज आला, "आधी तिला खीर कशी करतात ते विचार!"